मोरीतला ट्रॉम्बोन

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर फुंकलं. म्हणजे नोकरीच फुंकण्याची होती. दिव्यांच्या काचेच्या हंड्या बनवणाऱ्या कारखान्यात लांब लोखंडी नळीच्या एका टोकाला भट्टीतून काढलेला लालभडक गोळा आणि दुसऱ्या टोकाला सासूबाई. नळी जमिनीकडे झुकवायची, गाल न फुगवता पोटातून हवा सोडायची, की गोळ्याची हंडी होते. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि फुप्फुसं त्यांची त्यांना परत केली. आता एवढ्या फुप्फुसांचं दोन खोल्यांच्या घरात करायचं काय? चहा गार करायला फुंकर मारली की चहा बशी सोडून टेबलावर जायचा. असे काही महिने काढले आणि एक दिवस त्या ट्रॉम्बोन घेऊन घरी आल्या.

ट्रॉम्बोन म्हणजे बँडमधलं ते पितळी वाद्य, ज्याची नळी पुढे-मागे सरकते आणि पुढच्या रांगेत बसलेल्याच्या मानेला धोका असतो. माझा नवरा प्लंबर. त्याने ते हातात घेतलं, नळी सरकवून पाहिली, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काम चांगलं आहे. कुठे गळत नाही."

"मला मोठ्या बागेतल्या बँडमध्ये जायचंय," सासूबाई म्हणाल्या.

शहराच्या मोठ्या बागेत रविवारी निवृत्त लोकांचा एक बँड वाजतो. त्यातला ट्रॉम्बोनवाला मुलीकडे राहायला गेला आणि एक खुर्ची रिकामी झाली. बँडमास्तरांनी सासूबाईंना नुसतं एकदा फुंकायला सांगितलं होतं. फुंकल्यावर ते बराच वेळ कान चोळत होते म्हणे. मग त्यांनी वाद्य उसनं दिलं, जुजबी शिकवलं आणि सांगितलं, हवा भरपूर आहे, आता त्यात सूर आणा. रोज सकाळ-संध्याकाळ लांब लांब सूर धरून बसा, दोन महिन्यांनी चाचणी घेतो. पण खुर्ची एक आणि उमेदवार दोन. दुसरा एक दंतवैद्य होता. त्याच्याकडे स्वतःचा ट्रॉम्बोन होता आणि सासूबाईंच्या मते त्याला लोकांना आ करायला लावण्याची सवय होती, स्वतः तोंड लावून मेहनत करायची नाही.

मला हे वाद्य पहिल्या दिवशी अजिबात आवडलं नाही, हे सांगून टाकते. मी विमा कंपनीत आहे. लोकांचं काय फुटलं, काय तुटलं, ते खरंच फुटलं का आणि फुटलं असेल तर तो आपला दोष कसा नाही, हे ठरवणं माझं काम. दिवसभर बारीक अक्षरातली कलमं वाचून घरी यावं तर दारातूनच हंबरडा ऐकू यायचा. पण सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून, डोळे मिटून, ते वाद्य पोटाशी धरून फुंकत असायच्या आणि त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की माझ्या जिभेवर आलेलं मी गिळून टाकायचे. बाकी मी काही गिळणाऱ्यांतली नाही.

आमच्या इमारतीने मात्र गिळलं नाही. आठवड्याच्या आत दारावर नोटीस लागली.

आमच्या सोसायटीत एक शांतता समिती आहे. तिचे अध्यक्ष म्हणजे आमच्या बरोबर खाली राहणारे चष्म्याचे दुकानदार. दिवसभर दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतात आणि घरी येऊन तशीच बारीक अक्षरं लिहितात. त्यांच्या शर्टाच्या खिशात आवाज मोजायचं यंत्र असतं. खिशाला पेन असावं तसं. माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव डेसिबलराव ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की एकदा मी त्यांना तोंडावर तसं म्हणाले आणि त्यांनी 'ओ' दिली.

तक्रार होती वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची. या बाई भूल देणाऱ्या डॉक्टर. रात्रभर इस्पितळात माणसांना झोपवतात, सकाळी घरी येतात आणि स्वतः टक्क जाग्या राहतात. जगाला झोप वाटणाऱ्या बाईच्या वाट्याला झोप नाही, म्हणजे दिव्याखाली अंधार तो हाच. त्यांच्या दाराशी डेसिबलरावांनी यंत्र धरलं, आकडा मर्यादेच्या बाहेर गेला आणि पहिली नोटीस आली. सासूबाई बाल्कनीतून स्वयंपाकघरात सरकल्या. दुसरी नोटीस आली. तिच्या तळाशी जाड अक्षरात होतं, तिसऱ्या नोटिशीनंतर आवाजाचं साधन कायमचं इमारतीबाहेर.

"साधन म्हणजे?" मी डेसिबलरावांना जिन्यात गाठलं. "तुमचं घोरणं तीनदा मापात सापडलं तर तुम्हाला बाहेर काढायचं का?"

"घोरणं नैसर्गिक आहे," ते म्हणाले. "ट्रॉम्बोन नैसर्गिक नाही."

"तुम्ही ऐकलं नाहीत वाटतं अजून नीट."

पण घरी आले तेव्हा माझा आवाज उतरला होता. वाद्य इमारतीबाहेर गेलं की सराव संपला. सराव संपला की खुर्ची दंतवैद्याची. सासूबाई खाटेवर बसून वाद्याला फडकं मारत होत्या. मी म्हटलं, "आई, एवढं काय आहे त्या बँडमध्ये? दुसरं काहीतरी शिका."

त्या नुसतं फडकं मारत राहिल्या आणि मला माझा राग आला. मग मी चष्मा लावला आणि सोसायटीची नियमावली घेऊन बसले. नियम पाळायला सगळेच वाचतात. मी भोकं शोधायला वाचते.

आणि भोक होतं. चांगलं पाय घालून पलीकडे जाता येईल एवढं. दुपारी एक ते चार विश्रांतीचे तास, तेव्हा वाद्य बंद. ठीक. बाकी वेळी आवाज मर्यादेत. ठीक. पण मोजायचा कुठे? "तक्रारदाराच्या मुख्य दाराशी, दार बंद असताना." फक्त मुख्य दाराशी. म्हणजे आपल्या घरातली, सगळ्या मुख्य दारांपासून सगळ्यात लांबची, सगळ्यात आतली जागा कोणती?

"बाथरूम," नवरा म्हणाला.

त्याने अर्ध्या दिवसात बाथरूमची खिडकी पाइपांना गुंडाळायच्या स्पंजाने बंद केली, दाराला आतून गादी ठोकली. सासूबाई स्टुलावर बसल्या. जागा एवढीशी, त्यात ती सरकती नळी. समोर धरली तर नळाला लागते, वर धरली तर दिव्याला. सासूबाईंनी दोन्ही करून पाहिलं आणि मग आयुष्यभर जे केलं तेच केलं. नळी जमिनीकडे झुकवली. वाद्याचं तोंड बरोबर मोरीवर आलं.

आता त्या मोरीची कथा. मोरीच्या जाळीखाली एक वाकडी नळी असते, तिला ट्रॅप म्हणतात. तिच्यात पाणी साचून राहतं, त्यामुळे खालचा वास आणि खालचा आवाज वर येत नाही, वरचा खाली जात नाही. सगळ्या इमारतीत ही नळी बसवून देणाऱ्या माझ्या नवऱ्याने आमच्या घरातली तडकलेली नळी काढून ठेवली होती आणि 'नवीन आणतो' म्हणत होता. केव्हापासून म्हणत होता ते विचारू नका. आम्ही जाळीवर एक ताटली उपडी ठेवून वेळ भागवत होतो. सासूबाईंची नळी त्या ताटलीवर आपटून खणखणायला लागली, तशी त्यांनी ताटली उचलून बाजूला ठेवली.

डेसिबलराव यंत्र घेऊन वर डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गेले. काही नाही. आमच्या दाराशी आले. काही नाही. आमच्या फ्रिजचा आकडा त्याहून मोठा आला. मी दारात हाताची घडी घालून उभी होते आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी अंगठा नाचवण्याच्या बेतात होते.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला फोन यायला लागले. इमारतीत काही तुंबलं, गळलं, की लोक त्यालाच बोलावतात. या वेळी तुंबलं नव्हतं. मोऱ्या गात होत्या.

तळमजल्यावरच्या बाईंच्या मोरीतून म्हणे जहाजाचा भोंगा येत होता. दुसऱ्या एकीचं बाळ मोरीकडे तोंड करून हात हलवत नाचत होतं. डेसिबलराव दाढी करत असताना पायाखालून असा एक सूर आला की त्यांची एका बाजूची मिशी गेली आणि मग तोल साधायला दुसरीही काढावी लागली. जुनी इमारत, निम्म्या घरांतल्या ट्रॅपांमधलं पाणी कधीच आटलेलं. आमच्या उघड्या मोरीतून सूर उभ्या पाइपात उतरत होता आणि वाट मिळेल तिथे डोकं वर काढत होता.

नवरा घरोघर गेला. गुडघ्यावर बसला, मोरीला कान लावला आणि ऐकलं ते काय, तर स्वतःची आई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा वाजत होता. तो घरी आला तो सरळ जमिनीवरच बसला. बोलता येईना. नुसता मोरीकडे बोट दाखवून हसत होता, डोळ्यांतून पाणी, हातात पान्हा. मी आधी ओरडले, मग कारण कळलं, मग मीही बसले. सासूबाई बाहेर आल्या आणि आम्हा दोघांना जमिनीवर पाहून म्हणाल्या, "गॅस गळतोय का?"

हसून झाल्यावर मी भानावर आले. "ट्रॅप आण आणि बसव. आत्ता."

"या मापाचा आता बाजारात नाही. बनवून घ्यावा लागेल. सोमवारी मिळेल."

चाचणी रविवारी होती. आम्ही मोरीत उशी कोंबून पाहिली, तर आवाज बाथरूममध्येच घुमून सासूबाईंना गरगरायला लागलं आणि गादी ठोकलेलं दार भेदून तो पार जिन्यात गेला. म्हणजे आवाजाला दोनच वाटा होत्या, एक दाराची आणि एक मोरीची. नियमावलीत दाराचं कलम होतं. मोरीचं नव्हतं. मी उशी काढायला सांगितली.

"हे बरोबर आहे का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नियमात आहे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी नजर उशीवर ठेवली.

त्यानंतरचे दिवस इमारतीत नुसती धमाल होती. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध करायची हे लिहावं लागतं आणि प्रत्येकाच्या मोरीतून आवाज, मग दोष कुणाचा? वरचा खालच्याकडे बोट दाखवी, खालचा वरच्याकडे. एकाने तर स्वतःच्याच घराविरुद्ध तक्रार दिली. फक्त डॉक्टरीणबाई गप्प होत्या. नवरा त्यांच्याकडे विचारायला गेला तर दार फटीएवढं उघडून म्हणाल्या, "माझ्याकडे काही आवाज येत नाही. तुम्ही काहीही दुरुस्त करू नका." आणि दार लावून घेतलं. मला ते खटकलं. पहिल्या दोन्ही तक्रारी त्यांच्या आणि आता एवढा सोशिकपणा? माझ्या धंद्यात एवढा सोशिक माणूस दिसला की मी फाइल पुन्हा उघडते.

शनिवार उजाडला. सासूबाईंचे सूर आता खरोखर सूर झाले होते. लांब, जाड, शेवटपर्यंत न थरथरणारे. मी सुट्टी असल्याने घरीच होते आणि भाजी चिरता चिरता माझी सुरी त्या सुरांबरोबर चालायला लागली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दुपारी एकला थोडा वेळ असताना दार वाजलं. दारात डेसिबलराव, बिनमिशीचे. मागे जिनाभर शेजारी. ते सकाळपासून प्रत्येक घराच्या मोरीवर यंत्र धरत वर वर आले होते आणि आकडा पायरी पायरीने वाढत आमच्या मजल्यावर पोचला होता.

"सापडलं," ते म्हणाले. "उगम इथे आहे. तिसरी नोटीस."

"दाराशी मोजा," मी म्हटलं.

"दाराचा प्रश्न नाही. मोरीचा आहे."

"कलम दाखवा मोरीचं."

त्यांनी नियमावली काढली. मी माझी काढली. माझ्या नियमावलीत खुणांच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या नव्हत्या. आमचा आवाज चढत गेला, मागचे शेजारी मध्ये पडले, कुणीतरी बाळाला वर उचलून साक्षीदार म्हणून दाखवलं. आणि तेवढ्यात आमच्या भिंतीवरच्या, कारखान्याने दिलेल्या घड्याळात एकचा टोला पडला.

विश्रांतीचे तास. डेसिबलरावांनी स्वतःच तोंडावर बोट ठेवलं. नियम त्यांचाच, मोडणार कसा? सगळा जिना गप्प झाला. पण भांडण अर्धवट होतं आणि अर्धवट भांडण घेऊन जेवायला कोण जाणार? मग ते पुढे कुजबुजत सुरू झालं.

तुम्ही कधी कुजबुजत भांडला आहात का? "तुम्ही फसवताय," डेसिबलराव माझ्या कानाशी येऊन फुसफुसले. "चोराच्या उलट्या बोंबा," मी फुसफुसले. "बोंबा नका म्हणू, विश्रांतीचे तास आहेत," मागून कुणीतरी फुसफुसलं. तळमजल्यावरच्या बाई रागाने हातवारे करत होत्या आणि त्यांच्या तोंडातून सायकलच्या टायरसारखी नुसती हवा येत होती. माझ्या नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते, कारण पाहिलं असतं तर माझा संपूर्ण कायदेशीर मुद्दा तिथेच कोसळला असता.

बाथरूमचं दार उघडून सासूबाई आल्या. ट्रॉम्बोन हातातच होता.

"आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "मोऱ्यांतून येतो तो माझाच."

सासूबाईंना कुजबुजता येत नाही. भट्टीच्या घुमण्यात उमेदीची वर्षं काढलेल्या बाईला आवाज खाली कुठे असतो तेच माहीत नाही. त्या पूर्ण आवाजात बोलल्या. डेसिबलरावांच्या हातातल्या यंत्राचा आकडा उडाला, तो त्यांनी पाहिला आणि यंत्र हळूच पाठीमागे नेलं.

"सूनबाई माझ्यासाठी नियम शोधते. तिची माया आहे. पण मला लपून वाजवायचं नाही. लपूनच फुंकलं मी जन्मभर. काचेच्या कामात आवाज चालत नाही. फुंकायचं आणि कान लावून बसायचं, की आवाज येऊ नये. टक् असा बारीक आवाज आला तरी समजायचं, तडा गेला, दिवसाची मेहनत वाया. जेवढी चांगली फुंकर, तेवढी चिडीचूप. माझ्या हंड्या लोकांच्या घरी गेल्या, मी एकही पुन्हा पाहिली नाही. म्हणून म्हातारपणी वाटलं, एकदा असं फुंकावं की लोकांना कळावं, ही बाई फुंकतेय. तुम्हाला त्रास झाला असेल तर न्या वाद्य. चाचणी उद्या आहे, पण न्या."

त्यांनी ट्रॉम्बोन पुढे केला. डेसिबलरावांनी तो घेतला नाही. मला कलम आठवेना. एकही आठवेना. मी आईंना विचारलं होतं, एवढं काय आहे त्या बँडमध्ये, आणि त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण मी तसं विचारलंच नव्हतं.

"कोण कुजबुजतंय?"

वरच्या पायऱ्यांवर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. अंगात गाऊन, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेली.

"कोण कुजबुजतंय इथे? मी झोपले होते." त्यांचा आवाज गदगदला. "कळतंय का तुम्हाला? मी झोपले होते. गेले कित्येक दिवस घरी आले की बाथरूममधून असा एक लांब सूर येतो, मी दार उघडं ठेवते, पलंगावर पडते आणि दुसरा सूर सुरू व्हायच्या आत मला काही कळत नाही. मला वाटलं पाइपच वाजतात. म्हणून तर बोलले नाही, यांनी दुरुस्त केलं असतं तर?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग त्यांची नजर ट्रॉम्बोनवर गेली. "हे होय ते?"

"हेच," सासूबाई म्हणाल्या. "आधी बाल्कनीत वाजवत होते."

"बाल्कनीत भयंकर होतं. मोरीतून आलं की औषध होतं." डॉक्टरीणबाई खाली उतरून डेसिबलरावांसमोर आल्या. "माझी तक्रार लिहून घ्या. विश्रांतीच्या वेळात जिन्यात कुजबुज. शांतता समितीच्या अध्यक्षांसह सगळा जिना. त्या फुसफुशीने माझी झोप मोडली."

डेसिबलरावांनी सवयीने यंत्र पुढे आणलं आणि आपल्याच दिशेने धरलं. तळमजल्यावरच्या बाईंना पहिल्यांदा फुटलं. नाकातून एक बारीक शिट्टी आली. मग माझा नवरा, जो इतका वेळ भिंत धरून होता, भिंत सोडून खाली सरकला. मग मी. हसू दाबायचं म्हणून आम्ही एकमेकांच्या खांद्यात तोंडं खुपसली आणि ते आणखी वाढलं. बाळाने आनंदाने किंकाळी फोडली. मुरकुंड्या वळल्या लोकांच्या पायऱ्यापायऱ्यांवर. आणि डेसिबलराव यंत्राकडे पाहत, "मर्यादा ओलांडली, मर्यादा ओलांडली," असं म्हणता म्हणता स्वतःच कठड्यावर ओणवे झाले. बिनमिशीचा माणूस हसताना किती लहान दिसतो ते तेव्हा कळलं.

तिसरी नोटीस निघाली नाही. तिच्याऐवजी पहिली नोटीस निघाली, सगळ्या इमारतीला, अध्यक्षांच्याच सहीने. ती अजून जिन्यात लावलेली आहे.

रविवारी सकाळी आम्ही बागेत गेलो. आम्ही म्हणजे तिघंच जाणार होतो, पण इमारतीच्या फाटकाशी सगळेच उभे. डॉक्टरीणबाई कामावरून सरळ तिथेच आल्या होत्या. दंतवैद्याचं आधी झालं. वाजवलं त्याने बरं, खोटं कशाला बोलू. सफाईदार, धुतल्यासारखं.

मग सासूबाई बँडच्या फरशीच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. वाद्य ओठाला लावलं आणि सवयीने त्याचं तोंड जमिनीकडे झुकवलं. सूर निघाला आणि गवतात गेला. पुढच्या रांगेतल्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"वर," बँडमास्तर म्हणाले. "लोक वर आहेत, आजी."

सासूबाईंनी श्वास घेतला. वाद्य हळूहळू वर आलं, छातीच्या उंचीला, मग डोळ्यांच्या. मी माझ्या नवऱ्याचं मनगट इतकं दाबलं की तो पुटपुटला, मोडशील. आणि त्यांनी फुंकलं. इतके दिवस दार, गादी, स्पंज आणि पाइप यांच्या आडून घडलेला तो सूर आता मोकळ्यावर आला. तो एवढा मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. झाडांवरचे पक्षी उठले. डेसिबलरावांनी यंत्र काढलं आणि शेजारच्याला आकडा दाखवला, घरच्या मुलाचे गुण दाखवावेत तसा. डॉक्टरीणबाईंची मान पहिल्याच सुरात खांद्यावर कलली.

आणि सासूबाई मध्येच थांबल्या.

त्यांनी वाद्य खाली घेतलं. त्या आपल्या पायापाशी पाहत होत्या. उजवीकडे, डावीकडे, खुर्चीखाली. बँडमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. दंतवैद्याने पाय जरा पुढे पसरले. त्या काय शोधताहेत ते तिथे फक्त आमच्या इमारतीतल्यांना कळलं आणि नवऱ्याने डोळे पुसले. सासूबाईंनी मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

"सूनबाई," त्या त्यांच्या त्या भट्टीतल्या आवाजात म्हणाल्या, "काही फुटलं का गं?"

मी उठून उभी राहिले. काय फुटलं आणि काय नाही, हे सांगण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. खरं सांगते, आजवर इतक्या खात्रीने मी काहीही सांगितलं नव्हतं.

"नाही आई," मी म्हटलं. "सगळं शाबूत आहे. तुम्ही फुंका."

आणि त्यांनी वाद्य वर केलं आणि फुंकलं. सूर संपायची वाट न पाहता बँडमास्तरांनी रिकामी खुर्ची पायाने त्यांच्यामागे सरकवली. ती फरशीवरून घासत गेली असणार, पण कुणालाच ऐकू आली नाही.